नोंदकार्ड घेऊन अलर्ट बेला

पहिला दिवस, मंगळवार : व्हँकूवर

बॅगेत एक जाड पाकीट आहे. त्यात बारा फोटो आणि एका जुन्या नोंदकार्डाची प्रत. कार्डावर टंकलिखित पाच ओळी : ‘क्वाकिउटल. पक्ष्याचा मुखवटा. लाल सीडार, सीडारची साल, रंग. अलर्ट बे. विक्रेत्याकडून खरेदी, १९३८.’ मुखवटा कुठल्या घरातला, तो कोणी नाचवला, घराबाहेर कसा पडला, यातलं काहीच त्यावर नाही. ते विचारायला मी निघाले आहे.

अमेरिकेतल्या एका लहान संग्रहालयात मी अमेरिका खंडांतल्या मूळनिवासींच्या संग्रहाची अभिरक्षक आहे. क्युरेटर म्हणजे प्रदर्शन मांडणारी व्यक्ती, असा बहुतेकांचा समज असतो. माझे बरेचसे दिवस कपाटं उघडण्यात, कार्डं वाचण्यात आणि पत्रं लिहिण्यात जातात. अमेरिकेत १९९०चा नागप्रा कायदा आहे. त्यानुसार संग्रहालयांना पूर्वजांचे अवशेष, दफनातल्या आणि पवित्र वस्तू मूळनिवासी राष्ट्रांना, म्हणजे त्यांच्या जमातींना, परत कराव्या लागतात. जानेवारी २०२४ पासून नियम आणखी कडक झाले आणि संबंधित राष्ट्राची संमती घेतल्याशिवाय अशा वस्तू मांडायलाही मनाई झाली. मोठमोठ्या संग्रहालयांनी तेव्हा दालनंच्या दालनं बंद केली. पण हा कायदा अमेरिकेच्या सीमेवर संपतो. अलर्ट बे कॅनडात आहे. तिथल्या लोकांनी आमच्याकडे काही मागितलं तर कायद्याने आम्हाला काहीही करावं लागत नाही. म्हणून आपणच आधी लिहायचं, असं मी ठरवलं. वर्षभर पत्रव्यवहार झाला. शेवटी उत्तर आलं : फोटो घेऊन ये, बसून बोलू.

दुपारी विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात गेले. इमारत आर्थर एरिक्सन यांची, १९७६ची, मस्क्विअम लोकांच्या भूमीवर उभी. भूकंपाला टिकावं म्हणून तिथलं मोठं दालन पाडून पुन्हा बांधलं आणि २०२४ मध्ये उघडलं. काचेच्या उंच भिंतींतून येणारा उजेड सीडारच्या खांबांवर पडतो. या खांबांना आपण सरसकट ‘टोटेम पोल’ म्हणून मोकळे होतो, पण त्यांत घराचे आधारखांब असतात, स्मृतिस्तंभ असतात, पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केलेल्या आकृती असतात. खांबावर कोरलेला प्राणी म्हणजे त्या घराण्याचा हक्क. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात ना, कुणाचं पंचपल्लव, कुणाचा कळंब, कुणाचं मोराचं पीस. त्या भावनेच्या जवळ जाणारं काहीतरी. फरक इतकाच की इथे ते दारासमोर, वीस-पंचवीस हात उंच उभं राहतं.

बिल रीड यांचं ‘कावळा आणि पहिली माणसं’ हे शिल्प पाहिलं. पिवळा सीडार, १९८०. शिंपल्यातून डोकावणारी घाबरलेली, उत्सुक माणसं. तिथे मी बराच वेळ बसले. पण त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

दुसरा दिवस, बुधवार : नानाइमो, कॅम्पबेल रिव्हर, क्वाड्रा बेट

सकाळच्या फेरीबोटीने गाडीसकट व्हँकूवर बेटावर आले. हॉर्सशू बे ते नानाइमो, पावणेदोन तासांच्या आतबाहेर. तिथून उत्तरेला कॅम्पबेल रिव्हर आणि मग दहा मिनिटांच्या छोट्या फेरीने क्वाड्रा बेट. केप मज गावात, वी वाय काय लोकांच्या वस्तीत, न्युयुंबलीज सांस्कृतिक केंद्र आहे. १९७९ मध्ये ते क्वागिउल्थ म्युझियम या नावाने उघडलं. अलर्ट बेच्या आधी इथे थांबणं भाग होतं, कारण गोष्ट दोन गावांत वाटली गेलेली आहे.

ती गोष्ट अशी. या किनाऱ्यावर पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. लग्न, नाव ठेवणं, वारसा देणं, मृताची आठवण, यांतल्या कुठल्याही निमित्ताने यजमान लोकांना बोलावतो, घराण्याच्या हक्काचे नाच आणि मुखवटे सादर करतो आणि शेवटी जमलेल्यांना भरभरून देतो. आहेराची दिशा उलटी. पाहुण्यांना मिळतं ते साक्षीचं देणं असतं. आज कोणाला कोणतं नाव मिळालं, कोणता नाच कोणाकडे गेला, हे त्यांनी लक्षात ठेवायचं आणि पुढे कोणी वाद घातला तर उभं राहून सांगायचं. लिखित दस्तऐवज नसलेल्या समाजाचं नोंदणी कार्यालयच म्हणा. जितकं जास्त देईल तितका माणूस मोठा. संपत्ती साठवणं हाच सद्गुण मानणाऱ्या सरकारला आणि मिशनऱ्यांना हे सहन झालं नाही. १८८४ मध्ये कॅनडाने पॉटलॅचवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो पुढच्या वर्षापासून लागू झाला.

लोकांनी पॉटलॅच सोडला नाही. १९२१च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, डॅन क्रॅनमर यांनी आडबाजूच्या व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. दिलेल्या वस्तूंत होड्या होत्या, इंजिनाच्या बोटी, शिवणयंत्रं, ग्रामोफोन, पिठाची पोती होती. बातमी फुटली. विल्यम हॅलिडे या सरकारी एजंटने ४५ जणांवर खटले भरले. गुन्हा काय, तर नाचणं, भाषण करणं, भेटवस्तू देणं-घेणं. मग सौदा पुढे आला : गावाने सगळे मुखवटे, ताम्रपट, खुळखुळे, पेट्या सरकारजमा केल्या तर शिक्षा स्थगित. अलर्ट बे, व्हिलेज आयलंड आणि केप मज या तीन गावांतल्या कित्येकांनी घरातला ठेवा दिला. ज्यांनी दिला नाही, त्यांतली विसेक माणसं व्हँकूवरजवळच्या ओकाला तुरुंगात गेली. त्यांत बायकाही होत्या.

साडेचारशेहून जास्त वस्तू जमा झाल्या. त्या अलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडल्या आणि पाहायला तिकीट लावलं. ज्यांच्या घरातल्या, त्यांच्याच गावात. न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांनी त्यांतल्या पस्तीस वस्तू हॅलिडेकडून विकत घेतल्या. उरलेल्या ओटावाला गेल्या, तिथून काही टोरोंटोच्या संग्रहालयात, काही अधिकाऱ्यांच्या घरात. भरपाई म्हणून जी रक्कम ठरली ती सगळी मिळून १,४९५ डॉलर. ताम्रपटांसाठी एक पैसाही नाही. ताम्रपट म्हणजे ढालीसारखा कोरीव पत्रा. त्याला नाव असतं, तो ज्या ज्या हातांतून गेला त्यांचा इतिहास असतो आणि तो दरवेळी वाढत्या मोलाने हस्तांतरित होतो.

१९५१ मध्ये ती बंदी कायद्यातून गुपचूप गाळली गेली. माफी वगैरे काही नाही. लोकांनी वस्तू परत मागितल्या तेव्हा राष्ट्रीय संग्रहालयाने अट घातली : आधी संग्रहालय बांधा. वस्तू ज्यांच्या, त्यांनीच त्या सांभाळण्याची लायकी सिद्ध करायची. म्हणून हे केंद्र उभं राहिलं आणि वर्षभराने अलर्ट बेचं.

संध्याकाळी आईचा फोन आला. “जेवलीस का? थंडी आहे का गं तिकडे?” जुलै आहे, तरी स्वेटर घातला आहे, असं सांगितलं.

तिसरा दिवस, गुरुवार : पोर्ट मॅकनील आणि फेरी

कॅम्पबेल रिव्हर ते पोर्ट मॅकनील सुमारे दोनशे किलोमीटर. डोंगर, धुकं, झाडं. मध्येच तोडलेल्या जंगलाचे उघडे उतार, त्यांवर एका उंचीची नवी रोपं. जुना लाल सीडार या लोकांच्या आयुष्यात काय होता, हे आपल्याकडच्या माणसाला माडावरून समजेल. खोडाची होडी, फळ्यांचं घर, सालीच्या आतल्या थराची दोरी, टोपली, चटई, अंगावरचं वस्त्र. जिवंत झाडाची साल एका बाजूने सोलून घेतात, झाड जगतं. शे-दोनशे वर्षांनीही तो लांबट व्रण खोडावर दिसतो.

फेरीला पाऊण तास लागला. कॉर्मोरंट बेट जवळ आलं तशी समुद्राला लागून एका ओळीत घरं, लाकडी धक्के, मासेमारीच्या बोटी दिसू लागल्या. मागे एक अतिउंच बारीक खांब : १७३ फूट, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेला. हे नम्गिस लोकांचं गाव.

चौथा दिवस, शुक्रवार : उमिस्ता

उमिस्ता सांस्कृतिक केंद्र १ नोव्हेंबर १९८० रोजी उघडलं. क्वाक्वाला भाषेतला हा शब्द कळला तेव्हापासून तो माझ्या मनात आहे. पूर्वी टोळ्यांच्या हल्ल्यांत माणसं पकडून नेली जात. मग कधी खंडणी देऊन, कधी उलट हल्ला करून ती सोडवली जात आणि घरी परत येत. अशा परतलेल्या माणसाला उमिस्ता झाला, असं म्हणत. मुखवटे परत आले तेव्हा लोकांना हाच शब्द योग्य वाटला. वस्तूंसाठी माणसाचा शब्द.

दारात “गिलाकस्ला” म्हणून स्वागत झालं. या एका शब्दात ‘या’ही आहे आणि ‘आभार’ही.

पॉटलॅच संग्रहाचं दालन जुन्या मोठ्या घरासारखं आहे, अंधारं, सीडारच्या वासाचं. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की काच नाही. मुखवटे उघड्यावर उभे आहेत. मांडणी काळानुसार किंवा साहित्यानुसार नाही. पॉटलॅचमध्ये जे ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने ते मांडले आहेत. काचेच्या कपाटात पुष्कळ वर्षं कोंडून झालं, आता पुन्हा कोंडायचं नाही, हा निर्णय लोकांनी घेतला. माझ्या सगळ्या प्रशिक्षणात काच म्हणजे काळजी. धूळ, आर्द्रता, हात, चोरी यांपासून संरक्षण. त्या दालनात उभं राहिल्यावर मला आमच्या कपाटांची कुलपं आठवली, त्यांच्या किल्ल्या माझ्याच गळ्यात असतात.

आमच्या कार्डावरचा ‘क्वाकिउटल’ हा शब्दही इथे गळून पडतो. ते नाव खरं तर फोर्ट रूपर्टच्या एका समूहाचं. बाहेरच्यांनी ते सगळ्यांना चिकटवलं. इथली माणसं स्वतःला क्वाक्वाकेवाक्व म्हणतात, क्वाक्वाला बोलणारे.

टोरोंटोच्या संग्रहालयाने आपल्याकडच्या वस्तू १९८८ मध्ये परत केल्या. हाय यांचा संग्रह पुढे स्मिथसोनियनकडे गेला; त्यातल्या काही १९९३ मध्ये आणि काही २००२ मध्ये आल्या. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या संग्रहातला एक शिरपेच त्यांच्या मुलीने २००३ मध्ये परत केला. आणि एक मुखवटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा आहे, २००५ पासून दीर्घ मुदतीच्या उधारीवर. इथलाच मुखवटा, इथल्याच लोकांना उधार. हे पाहताना मला साताऱ्याची आठवण झाली. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी तिथे मांडली आणि लोकांनी रांगा लावल्या. त्या वाघनखांच्या खरेपणाबद्दल काय वाद व्हायचे ते होवोत. मला बोचतो तो ‘उधारी’ हा शब्द. वस्तू दाराशी आलेली असते आणि तिच्या परतीची तारीख आधीच ठरलेली असते.

दुपारी बैठक झाली. एक ज्येष्ठ बाई, त्यांचा भाचा आणि केंद्रातली दोन माणसं. बाईंचं वय ऐंशीच्या पुढचं असावं. मी फोटो टेबलावर मांडायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. आधी विचारलं, तू कुठली? तुझे लोक कोण?

या प्रश्नाला माझ्या पदाने उत्तर देता आलं नसतं. मी जव्हार-मोखाड्याबद्दल सांगितलं. बाबा तिथे शिक्षक होते. लहानपणी आम्ही बोहाडा बघायला जायचो. रात्रभर संबळ वाजायचा, टेंभ्यांच्या उजेडात एकामागून एक सोंग यायचं, गणपती, सरस्वती, नरसिंह, खंडेराव, आणि पहाटेला जगदंबा. गावात सगळ्यांना ठाऊक असायचं की हे सोंग अमक्याच्या घरचं. दुसऱ्या कोणी ते उचललेलं मी पाहिलं नाही. मुखवटा चढवला की आमचा शेजारी आमचा शेजारी राहायचा नाही, लोक त्याच्या पाया पडायचे. सकाळी मुखवटा उतरायचा आणि आत जायचा.

आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. शिकत असताना एका परदेशी संग्रहालयातला ड्रॉवर उघडला, तर आत आपल्याकडचे टाक. खंडोबा, भवानी, वीर. हळद-कुंकवाचा थर अजून खाचांत होता. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेलं नोंद क्रमांकाचं चिठोरं. कोणाच्या तरी देव्हाऱ्यातून, कोणाच्या तरी अडचणीच्या वर्षी ते निघाले असणार. मी आजूबाजूला पाहिलं आणि नमस्कार केला.

बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “दाखव आता.”

बारा फोटो त्यांनी सावकाश पाहिले. लांब चोच, बिजागरीवर हलणारा खालचा जबडा, सीडारच्या सालीची झालर. पुढची बाजू त्यांनी पटकन बाजूला ठेवली. आतल्या बाजूच्या फोटोंवर त्या थांबल्या : जिथे नर्तकाच्या कपाळाचा घाम लागून लाकूड काळं झालं आहे, जबडा ओढायची दोरी जिथे घासली आहे. हा हमात्सा नाचातला पक्षी आहे हे आम्हाला माहीत होतं. त्यांनी भाच्याशी क्वाक्वालात बोलणं केलं. मग मला सांगितलं, ज्यांचा असू शकतो अशी दोन घराणी आहेत. आपण त्यांना विचारू. एकट्या माणसाने सांगायची ही गोष्ट नव्हे. असे हक्क लग्नातून सासऱ्याकडून जावयाकडेही जातात, त्यामुळे कोणत्या लग्नात काय दिलं गेलं हे आठवणारी माणसं शोधावी लागतील.

भाच्याने विषाबद्दल विचारलं. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी संग्रहालयं लाकूड, पिसं, कातडी यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार मारत असत. आम्ही हातमोजे घालतो ते वस्तू जपायला, असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याचदा ते आम्हाला जपायला असतात. कपाटात ठेवलेला मुखवटा हातमोजे घालून हाताळला की भागतं. पण हा मुखवटा परत आला तर कोणीतरी तरुण तो तोंडावर चढवेल, घामाघूम होईल, त्याच्या आत श्वास घेईल. क्ष-किरणांच्या हातयंत्राने आम्ही तपासणी केली होती. आर्सेनिक सापडलं होतं, जास्त करून सालीच्या झालरीत. मी आकडे असलेला कागद दिला. तो देताना मला लाज वाटली, जरी ती फवारणी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची असली तरी.

निघताना बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो काढ. आणि मुखवटा झाकून ठेव, नाच संपल्यावर तो पेटीत जातो, असा सगळ्यांसमोर पडून राहत नाही.

पाचवा दिवस, शनिवार : अलर्ट बे

केंद्राच्या शेजारी एक मोकळी जागा आहे. तिथे सेंट मायकल्स ही निवासी शाळा होती, लाल विटांची, समुद्राकडे तोंड केलेली. १९२९ साली उघडली, १९७०च्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. दूरदूरच्या बेटांवरून मुलं आईबापांपासून तोडून इथे आणली जात आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. फेब्रुवारी २०१५ मध्ये इमारत पाडली. त्या दिवशी तिथे शिकलेली माणसं जमली होती, काहींनी भिंतीवर दगड मारले. म्हणजे चौतीस वर्षं उमिस्ता आणि ती शाळा शेजारी शेजारी उभ्या होत्या. काल बाई भाच्याशी ज्या सहजतेने क्वाक्वालात बोलल्या, ते आज या जागेवर उभं राहून पुन्हा आठवलं. कुठल्या जोरावर ही भाषा टिकवली असेल?

दफनभूमी रस्त्यावरूनच पाहायची, आत जायचं नाही. खांब काही ताठ, काही कललेले, एक आडवा पडून शेवाळात मिसळत चाललेला. त्याला कोणी उचलत नाही. उभा असेपर्यंत उभा, पडला की मातीचा. आमच्या क्षेत्रात याला ‘नुकसान’ म्हणतात आणि त्यासाठी एक वेगळा फॉर्म असतो.

दुपारी गावाच्या ‘मोठ्या घरात’, सोहळ्यांच्या सभागृहात, मुलांचा नाच पाहिला. मातीची जमीन, मधोमध विस्तव, ओंडक्याच्या ढोलावर बसलेले गायक. पाच-सहा वर्षांची मुलगी शिंपल्याच्या बटणांची नक्षी असलेली शाल पांघरून गोल फिरत होती, शाल तिच्या घोट्यांत येत होती. हे घर १९९७ मध्ये जळालं होतं, दोन वर्षांत गावाने पुन्हा बांधलं. शेवटच्या नाचाला पाहुण्यांनाही बोलावलं. मी गेले. बाई बाकावर बसून बघत होत्या.

सहावा आणि सातवा दिवस : फोर्ट रूपर्ट, मग व्हिक्टोरिया

फोर्ट रूपर्टला थोडाच वेळ थांबले. हे जॉर्ज हंट यांचं गाव. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्या नावावर असलेल्या हजारो पानांमागे हंट यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. बोआस १८८६ मध्ये या किनाऱ्यावर पहिल्यांदा आले तेव्हा एका प्रमुखाने त्यांना स्पष्ट विचारलं होतं : आमचे नाच बंद करायला आला आहेस का? आम्हाला नाचायला सांगणारा कायदा कडक आहे, आणि तो चांगला आहे. गोऱ्यांनी त्यांचा पाळावा, आम्ही आमचा पाळू. बंदी लागू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

पुढचा दिवस गाडी चालवण्यात गेला. व्हिक्टोरियात थंडरबर्ड पार्कमधल्या, खांब कोरणारे क्वाक्वाकेवाक्व कलावंत मंगो मार्टिन यांच्या घरासमोर संध्याकाळी पोचले. बंदी उठल्यानंतरचा पहिला जाहीर पॉटलॅच त्यांनी १९५३च्या डिसेंबरात इथेच केला. दार बंद होतं. दर्शनी भिंतीवरचं चित्र पाहून परतले.

परतल्यावर

कामावर परतताच फोटो संकेतस्थळावरून काढला. वरिष्ठांना अहवाल दिला. बैठकीत ‘अजून निश्चित मागणी आलेली नाही’ असं कोणी म्हणालं, तेव्हा मी सांगितलं की मागणीची वाट पाहायची नाही, दोन घराण्यांकडून उत्तर येईपर्यंत दर महिन्याला आपण लिहायचं. ते मान्य झालं. कार्डावरचा ‘क्वाकिउटल’ शब्द खोडला नाही. त्याच्याखाली पेन्सिलीने ‘क्वाक्वाकेवाक्व, हमात्सा’ लिहिलं, आणि त्याच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

मुखवट्यासाठी कोरा मांजरपाट आणला आहे, तीन मीटर. त्याला खळ असते, ती लाकडाजवळ नको. साबण न घालता दोनदा उकळत्या पाण्यातून काढला. दुसऱ्या पाण्यालाही थोडा गढूळपणा होता, म्हणून तिसऱ्यांदा धुतला. आता बाल्कनीत दोरीवर वाळतो आहे.